अभ्यासिकेतले बारा संगणक आणि त्यांचे ग्राफिक्स ड्रायव्हर : प्रकल्प नोंदी

स्थळ : लालबाग, मंडळाची अभ्यासिका, पहिला मजला. नोंदी पाळीपाळीने लिहिल्या आहेत. लिनक्स पहिल्यांदाच हाताळणाऱ्याला पुढे याच मशीनवर काम करता यावे, एवढ्यासाठी. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाइप करायच्या त्या रोमन अक्षरांत, भिंतीवरच्या तक्त्यात आहेत तशाच.

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबरला संपली. इथल्या बहुतेक मशीनचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत, म्हणून लिनक्स मिंट २२.२, सिनॅमन आवृत्ती. आज एकाही डिस्कला हात लावलेला नाही. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टिम चालू करून फक्त मोजदाद केली.

मोजदादीची आज्ञा एकच : एलएसपीसीआय -एनएनके. तिच्या लांबलचक यादीतून व्हीजीए किंवा थ्रीडी कंट्रोलर असे लिहिलेल्या ओळी शोधायच्या. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन आकडे असतात. पहिला कंपनीचा : ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. दुसरा चिपचा, आणि खरा कामाचा तोच. खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ येते (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा). आत्ता कार्ड कोण चालवतोय, ते ती ओळ सांगते.

यादी अशी निघाली. १ ते ५ नंबर : आय३-४१३०, वेगळे कार्ड नाही, प्रोसेसरमधलेच एचडी ४४००. ६, ७, ८ : आय५-३४७० आणि सोबत जीटी ७३० कार्ड. ९ : रायझन ३ २२००जी, त्यातलेच व्हेगा ८. १० : जीटी १०३०. ११ : जीटीएक्स १६५०. १२ : शिक्षकांचा लॅपटॉप, इंटेल यूएचडी ६२० आणि एमएक्स २५० अशी दुहेरी व्यवस्था.

७ नंबरचे कार्ड यादीत उमटलेच नाही. ११ नंबरला लाइव्ह सिस्टिम चालू करताना लोगोनंतर पडदा काळा. पेन ड्राइव्हच्या मेनूत ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडल्यावर चित्र आले. त्या पर्यायात नोमोडसेट हा शब्द कर्नलला दिलेला असतो. म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने पडद्याचा ताबा घ्यायचा नाही, साध्या फ्रेमबफरवर (मेमरीतले चित्र तसेच पडद्यावर दाखवण्यावर) भागवायचे. हा तात्पुरता टेकू आहे. इन्स्टॉल झाल्यावरही तो ठेवला तर मशीन कायमचे रखडत चालते.

रविवार, २ नोव्हेंबर

इंटेलची पाच आणि रायझनचे एक, अशी सहा मशीन लावली. ड्रायव्हर कुठलाही टाकला नाही, कारण टाकायचा नसतो. इंटेलचा आय९१५ आणि एएमडीचा एएमडीजीपीयू हे कर्नलमध्येच असतात, आणि ओपनजीएलचा (प्रोग्रॅम ज्यातून चित्र काढून घेतात त्या पद्धतीचा) भाग मेसा या संचात. मिंटसोबत दोन्ही येतात. ड्रायव्हर मॅनेजर उघडला की इथे ‘ड्रायव्हरची गरज नाही’ अशा अर्थाचा निरोप दिसतो आणि नवख्याला वाटते काहीतरी राहिले. काही राहिलेले नाही. एएमडीच्या साइटवरचे इन्स्टॉलर या मशीनसाठी नाही, तिकडे फिरकायचे नाही.

खात्री मात्र करायची. मेसा-युटिल्स हे पॅकेज टाकून जीएलएक्सइन्फो -बी चालवायचे (बी मोठा). ‘ओपनजीएल रेंडरर’ या ओळीत चिपचे नाव दिसले की झाले. तिथे एलएलव्हीएमपाइप दिसले तर ग्राफिक्सचे सगळे ओझे प्रोसेसर ओढतोय. डेस्कटॉप दिसतो, खिडक्या हलतात, पण व्हिडिओ लावला की पंखा घोंघावतो. सहाही ठिकाणी चिपचेच नाव आले.

१ ते ५ वर व्याख्यानांचे व्हिडिओ दिवसभर चालणार, म्हणून आय९६५-व्हीए-ड्रायव्हर हे पॅकेज आहे का तेही पाहिले. या पिढीच्या इंटेलला व्हिडिओ डीकोड करायला तेच लागते. ब्रॉडवेल, म्हणजे याच्या पुढची पिढी, आणि त्यापुढच्या चिपना इंटेल-मीडिया-व्हीए-ड्रायव्हर. व्हीएइन्फो या आज्ञेच्या यादीत एच२६४ दिसले की पुरे.

इंटरनेट इथे एका फोनच्या हॉटस्पॉटवर आहे. एनव्हिडियाचा एक ड्रायव्हर त्याच्या लायब्रऱ्यांसकट काही शे एमबीचा होतो. म्हणून १ नंबरवर एपीटी-कॅशर-एनजी बसवले (एपीटी म्हणजे पॅकेज उतरवून बसवणारी यंत्रणा). ते ३१४२ या पोर्टवर ऐकते. बाकीच्या मशीनच्या एपीटीला प्रॉक्सी म्हणून १ नंबरचा पत्ता दिला. एकदा उतरलेले पॅकेज पुढच्या मशीनला घरातूनच मिळते. दोनपेक्षा जास्त मशीन असतील तर ही पहिली पायरी धरावी, नाहीतर संध्याकाळपर्यंत डेटा पॅक संपतो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आजचा दिवस जीटी ७३० चा.

६ आणि ८ नंबरची कार्डे दिसायला सख्खी भावंडे. दोन्हींवर जीटी ७३०, दोन जीबी असे लेबल. एलएसपीसीआयने मात्र ६ ला १२८७ आकडा दाखवला आणि ८ ला ०एफ०२. पहिली जीके२०८ चिप, केप्लर पिढीची, ३८४ कोर. दुसरी जीएफ१०८, त्याआधीच्या फर्मी पिढीची, ९६ कोर. कंपनीने एकाच नावाखाली दोन्ही विकली. पॅकिंगवरचे नाव वाचून ड्रायव्हर शोधला की इथेच घोळ होतो, कारण दोन्हींची ड्रायव्हर शाखा, म्हणजे आवृत्त्यांची मालिका, वेगळी.

एनव्हिडियाच्या शाखा अशा लक्षात ठेवाव्यात. फर्मीसाठी शेवटची ३९०. तिची देखभाल २०२२ च्या अखेरीस बंद झाली. केप्लरसाठी शेवटची ४७०, तिची २०२४ मध्ये. मॅक्सवेल आणि पास्कलसाठी शेवटची ५८०. ट्युरिंग, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिका, आणि त्यापुढच्यांना चालू शाखा. ‘दादा, सगळ्यात नवा टाका ना’ असे प्रत्येक जण सांगून जातो. केप्लरवर ५८० टाकला तर पॅकेज बिनतक्रार बसते, पुन्हा सुरू केल्यावर मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलला जोडला जाणारा भाग) चिप ओळखत नाही आणि पडदा काळा. चिपला जी शाखा, तीच घ्यायची.

६ नंबर : आधी टाइमशिफ्टने सिस्टिमचा स्नॅपशॉट, म्हणजे बिघडल्यास मागे येता येईल अशी प्रत, आरसिंक प्रकारचा (फाइलींची नक्कल). ड्रायव्हरच्या कामाआधी स्नॅपशॉट नसेल तर काम सुरूच करायचे नाही, हा नियम सगळ्यांना. मग ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडिया-ड्रायव्हर-४७०.

इथे कर्नलचा विचार आधी करावा लागतो. एनव्हिडियाचा मॉड्यूल कर्नलमध्ये नसतो. डीकेएमएस नावाची यंत्रणा तो प्रत्येक कर्नलसाठी त्याच मशीनवर नव्याने बांधते. ४७० शाखेची देखभाल थांबली आहे. कर्नल पुढे सरकत राहतो, ड्रायव्हर जिथल्या तिथे. आज ना उद्या बांधणी फसणार. मिंट २२.२ सोबत ६.१४ कर्नल येतो आणि तो पुढे बदलत राहणारा आहे. मिंट ज्या उबुंटू २४.०४ वर उभे आहे, त्याचा मूळ ६.८ मात्र २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्यांसह तिथेच राहणार. म्हणून ६ नंबरवर ६.८.

क्रम असा. लिनक्स-जेनेरिक हे पॅकेज टाकायचे. त्यात कर्नल आणि त्याचे हेडर दोन्ही येतात. फक्त इमेज पॅकेज टाकले तर हेडर येत नाहीत, डीकेएमएसला बांधायला सामान मिळत नाही आणि ती निमूटपणे तो कर्नल सोडून देते. पुढे एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची हालत दाखवणारी आज्ञा चालवली की ड्रायव्हरशी संपर्क होत नाही, एवढेच उत्तर मिळते. मग मशीन पुन्हा सुरू करून ग्रबच्या, म्हणजे सुरू होतानाच्या मेनूच्या, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून ६.८ निवडायचा, यूनेम -आर ने खात्री करायची, आणि नंतरच लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४ हे नवे कर्नल आणत राहणारे पॅकेज व ६.१४ चे कर्नल काढायचे. एचडब्ल्यूई पॅकेज ठेवून नुसते कर्नल काढले तर पुढच्या अपडेटला ते परत येतात. आणि ग्रब नेहमी मोठा आकडा निवडतो, त्यामुळे दोन्ही ठेवून भागत नाही.

डीकेएमएस स्टेटस या आज्ञेने ‘एनव्हिडिया, ४७०, ६.८, इन्स्टॉल्ड’ अशी ओळ दाखवली. पुन्हा सुरू. एनव्हिडिया-एसएमआयमध्ये कार्डाचे नाव, तापमान, मेमरी. व्हिडिओत आडवी चीर दिसत होती, ती एनव्हिडिया सेटिंग्जमधला ‘फोर्स फुल कॉम्पोझिशन पाइपलाइन’ हा पर्याय लावून गेली.

८ नंबर : फर्मीसाठी ३९० च्या मागे लागलो नाही. मिंट २२ च्या भांडारात ती शाखा नाही. बाहेरून आणलेल्या, कोणी कोणी डागडुजी केलेल्या पॅकेजवर सार्वजनिक मशीन चालवणे शहाणपणाचे नाही. राहिले दोन मार्ग. एक नूव्हो, हा कर्नलमधला मुक्त ड्रायव्हर. कंपनीच्या मदतीशिवाय चिपचा अभ्यास करून लिहिलेला, त्यामुळे बऱ्याच जुन्या कार्डांवर चिपच्या घड्याळाचा वेग पूर्ण चढत नाही. दुसरा मार्ग, कार्डच काढून टाकणे. आय५-३४७० मध्ये इंटेल एचडी २५०० आहेच. कार्ड काढले, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली, बायोसमध्ये प्रायमरी डिस्प्ले ‘ऑटो’ केला. डेस्कटॉप नूव्होपेक्षा सुरळीत चालतो, आणि पूर्ण भाराला ४९ वॅट खाणारा एक हीटर कमी झाला. कार्ड काढले म्हणजे मशीनची किंमत उतरली, अशी कुजबुज झाली खरी.

रविवार, ९ नोव्हेंबर

७ नंबर. एलएसपीसीआयला जे दिसत नाही, त्याला कुठलाच ड्रायव्हर दिसणार नाही. हे लिहून ठेवतो, कारण अशा मशीनवर लोक तासन्‌तास ड्रायव्हर बदलत बसतात. बायोसमध्येही स्लॉट रिकामा दिसत होता. कार्ड उपसले तर कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट तपकिरी थर. खिडकीजवळचे मशीन, समुद्राकडची हवा आणि चार महिने पाऊस. पांढऱ्या खोडरबराने पट्ट्या एकाच दिशेने हलक्या हाताने पुसल्या, चुरा ब्रशने झटकला, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापडाचा एक हात. स्लॉटमध्ये ब्लोअर. कार्ड कट्‌ आवाज येईपर्यंत बसवले. एलएसपीसीआयने लगेच १२८७ दाखवला, म्हणजे केप्लर. पुढचे सगळे ६ नंबरप्रमाणे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

११ नंबर, जीटीएक्स १६५०. कंपनीच्या ऑफिसातून देणगीत आलेले मशीन. सिक्युअर बूट (सही तपासूनच सिस्टिम सुरू होऊ देणारी व्यवस्था) चालू, आणि बायोसला पासवर्ड, जो कोणाला ठाऊक नाही. एरवी सिक्युअर बूट बंद करून मोकळे झालो असतो. इथे तो रस्ता बंद.

ड्रायव्हर मॅनेजरमध्ये ५८० आणि ५८०-ओपन अशा दोन ओळी दिसतात. ओपन म्हणजे कर्नल मॉड्यूलचा मुक्त स्रोत प्रकार. तो ट्युरिंगपासून पुढेच चालतो, कारण त्याला चिपमध्ये जीएसपी नावाचा वेगळा प्रोसेसर लागतो. १६५० ट्युरिंग, त्यामुळे इथे दोन्ही चालतील. १० नंबरचा जीटी १०३० पास्कल आहे, तिथे ओपन निवडले तर मॉड्यूल कार्ड नाकारतो. लॉगमध्ये जीएसपी नसल्याचे कारण लिहिलेले असते, पण लॉग बघायला आधी पडदा तरी दिसायला हवा! इथे ५८०-ओपन घेतला.

सिक्युअर बूट चालू असताना सही नसलेला मॉड्यूल कर्नल उचलत नाही. मॉडप्रोब एनव्हिडिया हाताने चालवले तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर येते. त्यावर उपाय मॉक, म्हणजे मशीनमालकाची स्वतःची किल्ली. डीकेएमएस मॉड्यूलवर या किल्लीने सही करते. किल्ली मशीनच्या फर्मवेअरला ओळखीची करून द्यायची असते, ती एकदाच.

ड्रायव्हर टाकतानाच एक पासवर्ड मागितला जातो, ८ ते १६ अक्षरांचा. तो कागदावर लिहून ठेवायचा. छोटी रोमन अक्षरे आणि आकडे, एवढेच वापरायचे, कारण पुढच्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचाच धरला जातो. मशीन पुन्हा सुरू केले की निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबायची असते. नंतर ‘एनरोल मॉक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, ‘रीबूट’. पासवर्ड टाइप करताना ठिपकेही उमटत नाहीत, तरी तो लिहिला जात असतो.

इथे निळा पडदा दिसलाच नाही, मशीन थेट डेस्कटॉपवर. दोष किल्लीचा नव्हता. जुना व्हीजीए मॉनिटर अ‍ॅडॅप्टरमधून जोडलेला, त्याला सिग्नल पकडून चित्र दाखवायलाच सात-आठ सेकंद लागतात, तोवर मुदत संपते. संधी हुकली की किल्लीची मागणीही रद्द होते. मॉकयुटिल --इम्पोर्ट ही आज्ञा देऊन ती पुन्हा नोंदवावी लागते. किल्लीची फाइल मॉक डॉट डीईआर, व्हार-लिब-शिम-साइन्ड-मॉक या वाटेवर. एचडीएमआय असलेला मॉनिटर ९ नंबरवरून आणून लावला, निळा पडदा वेळेवर आला. मॉकयुटिल --एसबी-स्टेट : सिक्युअर बूट एनेबल्ड. एनव्हिडिया-एसएमआय : कार्ड हजर. काम झाल्यावर जुना मॉनिटर परत जागेवर.

रविवार, २३ नोव्हेंबर

१० नंबर. यावर आधीपासून उबुंटू २२.०४ आहे आणि मुलांच्या फाइली आहेत, म्हणून नवे इन्स्टॉल नाही. लक्षण : पडदा १०२४ बाय ७६८ वर अडकलेला, रेंडररमध्ये एलएलव्हीएमपाइप. एलएसपीसीआयमध्ये कार्ड आहे, ‘कर्नल मॉड्यूल्स’ मध्ये नूव्हो आहे, पण ‘ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच गायब. म्हणजे कार्ड दिसते, पण त्याला वाली कोणी नाही.

पूर्वी कोणीतरी एनव्हिडियाच्या साइटवरून डॉट-रन फाइल उतरवून ड्रायव्हर टाकला होता, कर्नल बदलल्यावर तो पडला आणि मग फाइली हाताने पुसल्या. विंडोजची सवय अशीच असते : साइटवर जा, उतरवा, नेक्स्ट-नेक्स्ट. लिनक्सवर डॉट-रनने टाकलेल्या फाइलींची एपीटीला खबरच नसते. नंतर पॅकेजमधून तोच ड्रायव्हर घेतला की दोन्हींच्या लायब्रऱ्या एकमेकींत अडकतात. त्या इन्स्टॉलरने ईटीसी-मॉडप्रोब डॉट डी मध्ये नूव्होला बंदी घालणारी फाइल ठेवली होती. ती पुसायची राहिली, म्हणून ना एनव्हिडिया ना नूव्हो.

केले ते : बंदीची फाइल काढली. जुन्या इन्स्टॉलरचा एनव्हिडिया-अनइन्स्टॉल उरला आहे का पाहिले, नव्हता. एनव्हिडियापासून सुरू होणारी सगळी पॅकेज एपीटी पर्जने साफ. अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू, कारण बंदीची एक प्रत बूटच्या छोट्या फाइल सिस्टिममध्येही असते आणि ती नव्याने बांधली नाही तर मूळ फाइल काढून उपयोग नाही. पुन्हा सुरू केल्यावर नूव्हो आला, रेझोल्यूशन नीट. मग उबुंटू-ड्रायव्हर्स लिस्टमध्ये पाहून ५८०, साधा, ओपन नव्हे. ५३५ ही या चिपला चालला असता, पण पास्कलची शेवटची शाखा ५८० आणि तिला सुरक्षा दुरुस्त्या २०२८ पर्यंत जाहीर आहेत.

शनिवार, २९ नोव्हेंबर

१२ नंबर, लॅपटॉप. ५८० साधा (एमएक्स २५० ही पास्कलच). प्राइम-सिलेक्टमध्ये (दोनपैकी कोणते ग्राफिक्स वापरायचे ते ठरवणारी आज्ञा) ‘ऑन-डिमांड’ ठेवला : रोजचे काम इंटेलवर, जड प्रोग्रॅम तेवढा एनव्हिडियावर. मेनूत आयकॉनवर उजवे क्लिक करून ‘समर्पित कार्डावर चालवा’ या अर्थाचा पर्याय मिळतो. प्रोजेक्टरची एचडीएमआय या लॅपटॉपात इंटेलला जोडलेली आहे, त्यामुळे एनव्हिडिया बंद असला तरी वर्ग अडत नाही. प्रत्येक लॅपटॉपात असे नसते, काहींत ती एनव्हिडियाला जोडलेली असते. बॅटरी वाचवायला ‘इंटेल’ मोड लावला आणि प्रोजेक्टरवरचे चित्र गेले, तर कारण हे.

रविवार, १४ डिसेंबर

११ नंबरवर तक्रार : ब्लेंडरला (थ्रीडी चित्रे करायचा प्रोग्रॅम) कार्ड दिसत नाही. एनव्हिडिया-एसएमआयचे उत्तर ‘ड्रायव्हर-लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’. आपोआप अपडेटने लायब्रऱ्या बदलल्या, मेमरीत मॉड्यूल जुनाच. मशीन बंद न करता नुसते लॉगआउट करतात. पुन्हा सुरू केले, मिटले.

६ आणि ७ वर ६.८ चा सुरक्षा अपडेट आला, डीकेएमएसने बांधणी केली. बांधणी कधी फसलीच तर कारण त्या ड्रायव्हरच्या डीकेएमएस फोल्डरातल्या मेक डॉट लॉगमध्ये असते. शेवटच्या ओळीकडे बघू नका, वरून येताना लागलेली पहिली ‘एरर’ वाचा. तोवर ग्रबमधून आधीचा कर्नल निवडून मशीन चालू ठेवता येते, म्हणून आधीचा एक कर्नल कायम ठेवायचा.

शनिवार, १० जानेवारी २०२६

८ नंबरवर ब्लेंडर हवे आहे. ४.० पासून त्याला किमान ओपनजीएल ४.३ लागते, एचडी २५०० मेसावर ४.२ पर्यंतच जाते. १ ते ५ च्या हॅसवेल पिढीच्या चिपवर ४.६ मिळते, तिथे ते उघडते. ८ ला कार्ड घ्यावेच लागेल.

लॅमिंग्टन रोडवर जुने कार्ड घ्यायला जाणाऱ्यासाठी : जीटी ७३० नको, कुठल्याही चिपचे. जीटी १०३० बघा. ३० वॅट, वेगळी पॉवर केबल नाही, आपल्या पॉवर सप्लायवर भार नाही. पण इथेही एका नावात दोन माल आहेत. जीडीडीआर५ मेमरीचे कार्ड सेकंदाला ४८ जीबी वाहते, डीडीआर४ चे १६.८. मेमरीचा प्रकार पाठीमागच्या स्टिकरवर असतो. स्टिकर खरवडलेला असेल तर कार्ड तिथेच ठेवून यायचे. सोबत मिंटचा लाइव्ह पेन ड्राइव्ह न्या आणि दुकानदाराच्या टेबलावरच एलएसपीसीआय चालवून बघा : १०डीई, १डी०१ हे आकडे आले की चिप जीपी१०८. घाटकोपरहून दुसरे कोणी कार्ड स्वस्तात देतो म्हणाले, तरी हीच तपासणी. घरी आणल्यावर आधी एचडी २५०० वर मशीन सुरू असतानाच स्नॅपशॉट, मग कार्ड, मग ५८० साधा. कर्नल ६.१४ चालेल, बदलायची गरज नाही.